अलार्म ‘गो ऑफ’ होतो म्हणजे वाजतो: फ्रेजल व्हर्ब रोजच्या बोलण्यात कसे आणायचे

माझ्या संध्याकाळच्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला एक मुलगा येतो. रात्री तो एका ब्रिटिश कंपनीच्या ग्राहकांचे फोन घेतो. एकदा एका बाईंचा फोन आला: ‘द स्मोक अलार्म वेन्ट ऑफ ॲट टू इन द मॉर्निंग.’ ‘ऑफ’ म्हणजे बंद, हे आपण शाळेपासून घोकलेलं. त्याला वाटलं अलार्म बंद पडलाय, म्हणून तो पुन्हा चालू कसा करायचा हे तो शांतपणे समजावू लागला. बाईंची तक्रार नेमकी उलटी होती. अलार्म मध्यरात्री कारण नसताना कर्कश वाजला होता, घरात तान्हं बाळ होतं, आणि तो पुन्हा वाजू नये एवढंच त्यांना हवं होतं. बराच वेळ दोघं आपापलंच सांगत राहिले. शेवटी फोन दुसऱ्याकडे द्यावा लागला. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन तो म्हणाला, ‘मॅडम, मला गो पण येतं, ऑफ पण येतं. मग अडलं कुठे?’

त्याचा प्रश्न खरा आहे. दहा-बारा वर्षं इंग्रजी शिकून, परीक्षेत चांगले गुण मिळवूनही समोरच्याचं साधं बोलणं निसटतं, ते बहुतेक वेळा अवघड शब्दांमुळे नाही. गेट, पुट, गो, टेक, कम अशी बारकी क्रियापदं आणि त्यांच्या मागे लागलेले अप, ऑफ, आउट, ऑन यांच्यामुळे निसटतं. या जोड्यांना फ्रेजल व्हर्ब म्हणतात. त्या पाठ करायच्या याद्या बाजारात भरपूर आहेत. मी त्या याद्यांच्या वाटेने कुणालाही नेत नाही, कारण मराठी माणसाकडे याहून चांगली वाट आधीपासून आहे.

आधी मराठीकडे बघा

‘तो सगळे पैसे गमावून बसला.’ या वाक्यात कोणीही बसलेलं नाही. ‘मी नको ते बोलून बसलो’ यातही नाही. पण ‘बसलो’ काढून नुसतं ‘बोललो’ म्हणा, वाक्यातली हळहळ निघून जाते. आता ‘लिहिणे’ घ्या. लिहून घे, लिहून दे, लिहून ठेव, लिहून काढ, लिहून टाक. पाचही वेळा हातात पेनच आहे, पण कामं पाच आहेत. ‘लिहून घे’ म्हणजे दुसरा सांगतोय ते उतरवून घे, ‘लिहून ठेव’ म्हणजे पुढे लागेल म्हणून नोंद कर, ‘लिहून काढ’ म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं लिही, ‘लिहून टाक’ म्हणजे एकदाचं उरक. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. ऐकून ऐकून आलं.

मराठी व्याकरणात याला संयुक्त क्रियापद म्हणतात. इंग्रजी हेच काम दुसऱ्या हत्याराने करतं. आपण मागे टाक, घे, बस, ठेव लावतो. ते अप, ऑफ, आउट, डाउन लावतात. ‘लिहून ठेव’ला ते म्हणतात ‘राइट इट डाउन’, ‘लिहून काढ’ला ‘राइट इट आउट’, ‘खाऊन टाक’ला ‘ईट इट अप’. ‘गिव्ह अप’मध्ये देणं नाही आणि वरही काही नाही, म्हणून जो माणूस चक्रावतो, तोच ‘गमावून बसला’ हे दिवसातून चारदा सहज म्हणतो. अर्थ दोन तुकड्यांची बेरीज करून काढायचा नसतो, जोडी अखंड उचलायची असते, हे आपल्या कानाला ठाऊक आहे. इंग्रजी बोलताना फक्त त्या कानावर विश्वास ठेवायचा.

आणि अडचण फक्त आपली आहे असंही नाही. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेतच त्यांनी नोंदवलं की क्रियापदामागे बारका शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परक्या माणसाला सर्वांत जड जाते. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र बरंच नंतरचं. ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलेलं हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली छापलं.

शाळेतलं इंग्रजी आणि घरातलं इंग्रजी

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. दरबारात फ्रेंच आलं, विद्येची आणि चर्चची भाषा लॅटिन होतीच. पोस्टपोन, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट, डिस्कव्हर हे शब्द त्या वाटांनी आलेले. घरात, शेतात, बाजारात मात्र छोटे जुने शब्दच चालत राहिले, आणि त्यांच्या जोड्यांवर रोजचं बोलणं भागलं. म्हणून आजही एकाच गोष्टीला दोन शब्द दिसतात: पोस्टपोन आणि पुट ऑफ, टॉलरेट आणि पुट अप विथ, इन्व्हेस्टिगेट आणि लुक इंटू, डिस्कव्हर आणि फाइंड आउट.

हेही आपल्याला नवं नाही. ‘वाट बघणे’ आणि ‘प्रतीक्षा करणे’ दोन्ही मराठीच. पण स्टँडवर उभं राहून फोनवर ‘मी तुझी प्रतीक्षा करीत आहे’ असं कुणी म्हणालं तर ऐकणारा क्षणभर थबकेल. आपल्याला शाळेत शिकवलं गेलं ते इंग्रजी बरंचसं प्रतीक्षेचं आहे. ते चुकीचं अजिबात नाही, अर्जात आणि अहवालात तेच शोभतं. घरगुती बोलण्यात मात्र ते इस्त्री केलेल्या कपड्यांत झोपल्यासारखं होतं.

उलट बाजूचा एक गैरसमजही इथेच काढून टाकते. फ्रेजल व्हर्ब म्हणजे हलकं किंवा अशुद्ध इंग्रजी नव्हे. कॅरी आउट, सेट अप, पॉइंट आउट या जोड्या बातम्यांत, न्यायनिवाड्यांत, शोधनिबंधांतही सर्रास दिसतात.

पहिली पायरी: स्वतःचा एक दिवस इंग्रजीत उतरवा

अमुक इतक्या फ्रेजल व्हर्बची पुस्तिका बाजूला ठेवा. एक वही घ्या आणि उठल्यापासून झोपेपर्यंत तुम्ही खरोखर काय करता ते मराठीत लिहा. मग एकेका वाक्याला जोडी शोधा. माझ्या वर्गातल्या एका गृहिणीची सकाळ अशी निघाली:

अलार्म वाजतो: ‘द अलार्म गोज ऑफ.’ जाग येते: ‘आय वेक अप.’ पण अंथरुणातून उठते तेव्हा ‘आय गेट अप.’ हे दोन वेगळे आहेत. सहाला वेक अप होऊन साडेसहाला गेट अप होणारे आपण सगळेच आहोत. गॅस पेटवते: ‘आय टर्न ऑन द गॅस.’ दूध उतू जातं: ‘द मिल्क बॉइल्स ओव्हर.’ हे वाक्य फळ्यावर लिहिलं तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला की मला ते अजून आठवतं. वीस वर्षं दूध उतू जात होतं, पण त्याला इंग्रजीत काय म्हणतात हे कुठल्याच धड्यात नव्हतं. साखर संपली: ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर.’ ओटा आवरते: ‘आय टायडी अप.’ मुलाला शाळेत सोडते: ‘आय ड्रॉप हिम ऑफ.’ परत आणते: ‘आय पिक हिम अप.’

कपड्यांचा एक बारकावा इथेच बघून घ्या. ‘पुट ऑन’ म्हणजे अंगात घालण्याची क्रिया, ‘वेअर’ म्हणजे अंगावर असणं. ‘ही इज वेअरिंग अ ब्लू शर्ट’ म्हणजे त्याने निळा शर्ट घातलाय. ‘ही इज पुटिंग ऑन अ ब्लू शर्ट’ म्हणजे आत्ता बाही चढवतोय. मराठीत दोन्हीला ‘घालणे’ चालतं, म्हणून आपली इथे हमखास गल्लत होते.

वाहनांचंही तसंच. बस, ट्रेन, विमान, स्कूटर यांना गेट ऑन आणि गेट ऑफ. मोटार, रिक्षा यांना गेट इन आणि गेट आउट. ज्यात उभं राहून चालता येतं किंवा ज्याच्यावर टांग टाकून बसतो त्याला ऑन, ज्यात वाकून शिरावं लागतं त्याला इन, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

वीस-पंचवीस जोड्या निघाल्या की थांबा. तुमच्या दिवसातल्या आहेत, म्हणजे त्या उद्या पुन्हा लागणारच.

दुसरी पायरी: मागच्या शब्दाचा कल ओळखा

‘टाक’ला एक स्वभाव आहे: उरकणं, संपवणं. ‘बस’ला आहे: होऊ नये ते होऊन जाणं. इंग्रजीतल्या बारक्या शब्दांनाही असे कल असतात. नियम म्हणून नाही, पण अंदाज बांधायला ते फार उपयोगी पडतात.

‘अप’चा एक मोठा कल पूर्णत्वाकडे आहे, अगदी आपल्या ‘टाक’सारखा. ईट अप, ड्रिंक अप, यूज अप, क्लीन अप, फिनिश अप. ‘ईट युअर राइस’ म्हणजे भात खा. ‘ईट अप युअर राइस’ म्हणजे ताटात शीत ठेवू नकोस. दुसरा कल वाढण्याकडे: स्पीक अप म्हणजे जरा मोठ्याने बोला, ग्रो अप म्हणजे मोठं होणं, स्पीड अप म्हणजे वेग वाढवणं.

‘ऑफ’चा मुख्य कल सुटण्याकडे, तुटण्याकडे, दूर जाण्याकडे. टेक ऑफ म्हणजे कपडे उतरवणं आणि विमानाने जमीन सोडणंही. सेट ऑफ म्हणजे प्रवासाला निघणं. कट ऑफ म्हणजे तोडणं. वेअर ऑफ म्हणजे असर उतरणं. भूल उतरली हे ‘द ॲनेस्थेटिक हॅज वोर्न ऑफ.’ पुट ऑफ म्हणजे काम आजपासून दूर ढकलणं. अलार्मचं कोडंही इथेच सुटतं. बंदुकीची गोळी सुटते तीही ‘गो ऑफ’, बॉम्ब फुटतो तोही ‘गो ऑफ’. दाबून धरलेलं काहीतरी एकदम सुटलं, ही त्यामागची कल्पना. अलार्मही तसाच सुटतो. आणि तरीही ‘द लाइट्स वेन्ट ऑफ’ म्हणजे दिवे गेले, आणि ब्रिटनमध्ये ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ म्हणजे दूध नासलं. कर्ता कोण आहे ते बघूनच अर्थ घ्यायचा. ‘लागणे’चं आपण हेच करतो: भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो.

या ‘ऑफ’च्या तीन जोड्या कायम एकमेकींत मिसळतात, म्हणून त्या एकत्रच शिका. सामना पुट ऑफ झाला म्हणजे पुढे ढकलला. कॉल ऑफ झाला म्हणजे रद्द. आणि हरत आलेला सामना संघाने ‘पुल ऑफ’ केला म्हणजे जिंकून दाखवला. इंग्रजी क्रिकेट समालोचन ऐकत असाल तर हे तिन्ही कानावर पडतील.

‘आउट’ दोन गोष्टी करतो. एक, दडलेलं उघडं करतो: फाइंड आउट, फिगर आउट, टर्न आउट, पॉइंट आउट. दुसरं, साठा संपवतो: रन आउट, सेल आउट. ‘डाउन’ कमी करतो किंवा कागदावर उतरवतो: स्लो डाउन, कट डाउन, राइट डाउन, नोट डाउन. आपण स्वतः ‘उतरवून घे’ म्हणतो, तेव्हा हा कल मराठी माणसाला सांगावा लागू नये. ‘ऑन’ चालू ठेवतो: गो ऑन, कॅरी ऑन, कीप ऑन.

पण कल म्हणजे कायदा नव्हे. घर जळून खाक झालं तर ‘द हाउस बर्न्ट डाउन’, आणि कागद जळून गेले तर ‘द पेपर्स बर्न्ट अप’. एक खाली आणि एक वर, तरी दोन्ही नष्टच झाले. अशा ठिकाणी कारण शोधत बसू नका, जोडी उचला आणि पुढे चला.

तिसरी पायरी: ‘इट’ची जागा

एकच व्याकरणाचा नियम नीट शिकायला वेळ असेल तर हा शिका.

‘टर्न ऑफ द फॅन’ बरोबर. ‘टर्न द फॅन ऑफ’ हेही बरोबर. पण पंख्याऐवजी ‘इट’ आला की एकच जागा: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ कधीच नाही. देम, इट, हिम, हर, मी, अस ही छोटी सर्वनामं मधेच बसतात: पिक हिम अप, ड्रॉप मी ऑफ, राइट इट डाउन, थ्रो देम अवे.

कारण समजलं तर नियम विसरत नाही. इंग्रजी वाक्याचं वजन शेवटाकडे जातं. ‘इट’ म्हणजे आधीच माहीत असलेली गोष्ट, तिला वजन नाही, म्हणून ती शेवटी टिकत नाही. नवी बातमी ‘ऑफ’मध्ये आहे, ती शेवटी येते. याच कारणाने लांबलचक कर्म असेल तर ते मागे जातं: ‘टर्न ऑफ द फॅन इन द बॅक रूम.’ एवढं सगळं मधे कोंबलं तर ‘ऑफ’ येईपर्यंत ऐकणारा क्रियापद विसरून जातो.

काही जोड्या मात्र फुटतच नाहीत. लुक आफ्टर, लुक फॉर, रन इंटू, कम अक्रॉस, गेट ओव्हर. इथे ‘लुक आफ्टर हर’च म्हणायचं. कुठली जोडी कुठल्या प्रकारची हे शब्दकोश न बोलता सांगतो. शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या इंग्रजी शब्दकोशात ‘पुट समथिंग ऑफ’ असं छापलं असेल तर मधे जागा आहे. ‘लुक आफ्टर समबडी’ असं असेल तर जागा नाही. वहीत जोडी लिहिताना तीही अशीच लिहा, नुसती ‘पुट ऑफ’ लिहू नका.

सराव घरातच करा, आणि हात वापरून करा. पंख्याचं बटण दाबताना ‘टर्न इट ऑन’. नळ बंद करताना ‘टर्न इट ऑफ’. जमिनीवरचा टॉवेल उचलताना ‘पिक इट अप’. चपला काढताना ‘टेक देम ऑफ’. आठवडाभर हे तोंडाने म्हणत केलंत की ‘टर्न ऑफ इट’ तुमच्याच कानाला खटकू लागेल.

तीन शब्दांच्या जोड्यांचा अनुभव वेगळा. रन आउट ऑफ, पुट अप विथ, कम अप विथ, गेट अलाँग विथ, लुक फॉरवर्ड टू. यांत मधे काही शिरत नाही. ‘लुक फॉरवर्ड टू’नंतर क्रियापदाला ‘इंग’ लागतं: ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू.’ ‘टू मीट यू’ ही चूक नोकरीच्या असंख्य पत्रांत दिसते.

चौथी पायरी: जोर कुठे द्यायचा

लॉकडाउन, बॅकअप, ब्रेकअप, फॉलोअप, चेक-इन, वर्कआउट, कमबॅक. हे शब्द मराठीत इतके मुरलेत की ते मुळात फ्रेजल व्हर्बची नामं आहेत याची आठवणही राहत नाही. तुमच्या तोंडात आधीच असलेला हा साठा उघडून वापरा. ‘मी फॉलोअप करतो’ला ‘आय विल फॉलो अप.’ ‘बॅकअप घे’ला ‘बॅक इट अप.’

उघडताना दोन गोष्टी बदलतात. नाम असताना जोर पहिल्या तुकड्यावर असतो, ‘बॅक’वर. क्रियापद झालं की ‘अप’ ठसठशीत ऐकू आला पाहिजे. आणि भूतकाळ क्रियापदाला लागतो, मागच्या शब्दाला कधीच नाही: ‘फॉलोड अप’, ‘बॅक्ड अप’, ‘रॅन आउट’, ‘वेन्ट ऑफ’. ‘फॉलोअप्ड’ असं मी पुष्कळदा ऐकते.

मराठीत आपण सगळी अक्षरं जवळजवळ सारख्या वजनाने बोलतो, त्यामुळे ‘अप’, ‘ऑफ’ हे आपल्या तोंडून दबून जातात आणि ऐकणाऱ्याला अर्धाच शब्द मिळतो. ऐकताना गोष्ट वेगळी. तिथे ‘पिक इट अप’ असे तीन शब्द येत नाहीत, ‘पिकिटप’ असा एकच येतो. ‘टर्निटॉफ’. ‘चेकिटाउट’. अमेरिकन माणसाच्या तोंडी मधला ट मऊ होऊन ‘पुट इट ऑन’चं ‘पुडिडॉन’ होतं. या जोडउच्चारांची ओळख झाल्याशिवाय पाठ केलेले शब्दही कानाला सापडत नाहीत. म्हणून वहीत लिहिलेली प्रत्येक जोडी एकदा तरी शब्दकोशाच्या ॲपवर किंवा मुलाखतीत ऐका.

पाचवी पायरी: फोन आणि मीटिंग

कामाच्या ठिकाणी फ्रेजल व्हर्ब सर्वांत जास्त कुठे लागत असतील तर फोनवर. दोन सहकाऱ्यांचं हे बोलणं मोठ्याने वाचा:

‘हॅलो? कॅन यू स्पीक अप? यू आर ब्रेकिंग अप.’
‘सॉरी, वी गॉट कट ऑफ. आय ॲम कॉलिंग बॅक अबाउट द मीटिंग.’
‘हॅज इट बीन पुट ऑफ?’
‘नो, दे हॅव ब्रॉट इट फॉरवर्ड. इट्स ॲट टेन नाउ.’
‘ओके. कॅन वी गो ओव्हर द फिगर्स बिफोर दॅट?’
‘शुअर. होल्ड ऑन, लेट मी राइट दॅट डाउन.’

आवाज तुटतोय हे ‘ब्रेकिंग अप’. फोन मधेच कट झाला हे ‘गॉट कट ऑफ’. आपण ‘ही कट माय फोन’ म्हणतो. मुद्दाम फोन ठेवला असेल तर ‘ही हंग अप ऑन मी’. मीटिंग अलीकडे आणली हे ‘ब्रॉट फॉरवर्ड’. आपला ‘प्रीपोन’ भारतात सगळ्यांना कळतो आणि तो चांगला, सोयीचा शब्द आहे, मात्र लंडनच्या माणसाशी बोलताना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणा. ‘गो ओव्हर’ म्हणजे आकड्यांवरून एकदा नजर फिरवणं.

मीटिंगमध्ये उत्तर माहीत नसेल तर गप्प बसण्यापेक्षा ‘आय विल लुक इंटू इट अँड गेट बॅक टू यू’ हे एक वाक्य तयार ठेवा. बघतो आणि कळवतो. एवढ्या वाक्याने माझ्या कित्येक विद्यार्थ्यांची भीड मोडली आहे.

आज्ञेसारख्या जोड्या जपून वापरा. ‘हरी अप’ मुलाला चालेल, साहेबांना नाही. ‘काम डाउन’ चिडलेल्या ग्राहकाला म्हटलं तर तो आणखी चिडतो.

सहावी पायरी: आपल्या खास सवयी तपासा

‘लाइट ऑफ कर’ हे मराठीत छान चालतं, म्हणून आपण इंग्रजीत ‘ऑफ द लाइट’ म्हणतो. तिथे ‘ऑफ’ एकटा क्रियापद होत नाही, ‘टर्न’ किंवा ‘स्विच’ हवंच.

काही ठिकाणी आपण उगाच शेपूट जोडतो. ‘कोप अप विथ’ नाही, ‘कोप विथ’. ‘डिस्कस अबाउट’ नाही, नुसतं ‘डिस्कस’. ‘रिटर्न बॅक’ नाही, ‘रिटर्न’ किंवा ‘गो बॅक’. फॉर्म भरण्याला ब्रिटनमध्ये ‘फिल इन’, अमेरिकेत ‘फिल आउट’. ‘फिल अप’ पेट्रोलच्या टाकीला.

‘पास आउट’वर मात्र थांबून बोललं पाहिजे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रशिक्षण पुरं झालं की पासिंग आउट परेड होते. हा वापर ब्रिटिश लष्करातूनच आलेला आणि तिथे तो आजही बरोबर आहे. आपण तो कॉलेजलाही लावला: ‘आय पास्ड आउट इन २०१५.’ बाहेरच्या देशात याचा सरळ अर्थ ‘मला चक्कर येऊन मी बेशुद्ध पडलो’ असा होतो. तिथे ‘आय ग्रॅज्युएटेड’ म्हणा.

माझी एक विद्यार्थिनी नर्स म्हणून इंग्लंडला गेली. निघण्याआधी आम्ही दोन आठवडे पेशंटच्या तोंडच्या जोड्याच केल्या, कारण डॉक्टर ‘व्हॉमिटिंग’ म्हणतील, पण म्हातारी आजी ‘आय थ्रू अप’च म्हणणार. पास आउट, थ्रो अप, स्वेल अप म्हणजे सुजणं, कम डाउन विथ म्हणजे ताप-सर्दी अशा आजाराने पडणं, गेट ओव्हर म्हणजे आजारातून उठणं, पास अवे म्हणजे निधन होणं. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांनी तिला सांगितलं, ‘आय पास्ड आउट इन द किचन दिस मॉर्निंग.’ तिने लगेच त्यांना खुर्चीत बसवून रक्तदाब बघितला. रात्री मला तिचा मेसेज आला, त्यात फक्त तेवढंच वाक्य होतं.

सातवी पायरी: रोजचा सराव

दिवसाला दोनच जोड्या. प्रत्येकीचं एक वाक्य, आणि ते स्वतःच्या आयुष्यातलं. ‘जॉन गेव्ह अप स्मोकिंग’ लिहू नका. ‘माय फादर गेव्ह अप टी’ लिहा, वडिलांनी खरंच चहा सोडला असेल तर. एका जोडीचे पाच अर्थ एकदम घेऊ नका. ‘पिक अप’ म्हणजे उचलणं, गाडीतून घेणं, फोन उचलणं, भाषा ऐकून ऐकून शिकणं, धंदा वाढणं. ज्या अर्थाशी आज गाठ पडली तो आज, बाकीचे जेव्हा भेटतील तेव्हा.

मग अदलाबदल. मोठ्या शब्दाचं वाक्य म्हणा आणि लगेच तेच घरगुती इंग्रजीत म्हणा. ‘वी कॅनॉट टॉलरेट धिस नॉइज.’ ‘वी कान्ट पुट अप विथ धिस नॉइज.’ ‘द मॅच वॉज कॅन्सल्ड.’ ‘द मॅच वॉज कॉल्ड ऑफ.’ हे मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, ‘अप’ आणि ‘ऑफ’ स्पष्ट येतात का तेवढंच तपासा. घरात किंवा मैत्रिणींत कुणी शिकणारं असेल तर एकमेकींना रोज एक व्हॉइस मेसेज पाठवा: आज दिवसभरात काय झालं, त्यात तीन जोड्या. माझ्या वर्गातल्या चौघीजणी दीड वर्षं हे करताहेत आणि त्यांच्या बोलण्यातला फरक कुणालाही ऐकू येईल.

तीन दिवसांनी वहीचं पान झाकून जोड्या आठवा. न आठवलेल्या पुन्हा पुढच्या पानावर घ्या.

अडलात तर

बोलता बोलता अनोळखी जोडी येणारच. तेव्हा अंदाजाने पुढे जाऊ नका आणि ‘येस, येस’ही म्हणू नका. ऐकलेली जोडीच परत उच्चारा आणि आपल्याला समजलेला अर्थ साध्या शब्दांत पुढे ठेवा: ‘व्हेन यू से इट वेन्ट ऑफ, डू यू मीन इट रँग, ऑर इट स्टॉप्ड वर्किंग?’ समोरच्याला यात काही वावगं वाटत नाही, उलट आपलं नीट ऐकलं जातंय हे त्याला कळतं. त्या मुलाने हे वाक्य कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवलं आहे. ‘वेन्ट ऑफ’च्या जागी त्याने रेघ मारून मोकळी जागा सोडली आहे, म्हणजे जी जोडी अडेल ती तिथे घालता येईल.